छापील किंमत

बेळगावच्या रविवार पेठेत ५ रुपयांच्या बिस्किटांचं खोकं फोडलं, तर पुड्यावरची किंमत बरीच वर्षं जिथे होती तिथेच दिसते. वजन मात्र खाली सरकलेलं असतं. कंपनीने आधी ५ रुपयांचं नाणं धरलं. मग मैदा, साखर, पामतेल, वेष्टन, जाहिरात, टेम्पोचं भाडं आणि वाटेतल्या सगळ्यांचा नफा त्या नाण्यात बसवला आणि जागा उरली तेवढे ग्रॅम आत घातले. मैदा महागला की ग्रॅम उतरतात. गिऱ्हाइकाला किंमत वाढलेली लगेच कळते, वजन घटलेलं कळत नाही. धंद्यात ही गोष्ट इतकी मुरली आहे की ऑर्डर घ्यायला आलेला सेल्समन मालाचं नावसुद्धा घेत नाही. "अण्णा, पाचवाला किती घालू? दहावाला?" एवढंच विचारतो.

या ५ रुपयांची वाटणी ढोबळ मानाने अशी पडते. दुकानदाराला छापील किमतीवर ८ ते १२ टक्के सुटतात, कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्या स्टॉकिस्टला ४ ते ६. म्हणजे दुकानात तो पुडा साडेचारला पडतो आणि स्टॉकिस्टच्या गोदामात सव्वाचारच्या आसपास. त्या सव्वाचारात जीएसटी आहे. तो वजा केला की उरतं ते कंपनीचं. दुकानदाराचे हे ५० पैसे ऐकायला बरे वाटतात, पण उंदराने कुरतडलेला पुडा, मुदत संपलेला माल, महिनाअखेरीपर्यंत थकलेली उधारी आणि फोडून मोजून दिलेली दोन बिस्किटं हे सगळं त्याच ५० पैशांतून जातं.

२२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा या नाण्याची खरी ताकद दिसली. हिशेब सोपा आहे. ५ रुपयांत १८ टक्के कर धरला तर मूळ किंमत ४ रुपये २४ पैसे. तिच्यावर ५ टक्के कर लावला की होतात ४ रुपये ४५ पैसे. छापील किंमत तेवढी व्हायला हवी. पण ४ रुपये ४५ पैशांचा पुडा विकायचा कसा? ५५ पैसे परत कोण देणार? तेव्हा कंपन्यांनी नाणं तसंच ठेवून ग्रॅम वाढवायची वाट धरली. कर दिल्लीत कमी झाला आणि सूट मिळाली ती बिस्किटांत. यात फसवणूक नाही, पण गिऱ्हाइकाला पैशातली सूट हवी की बिस्किटातली, हे त्याला कुणी विचारलंही नाही.

भांडवलशाही हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा मोर्च्यात आणि व्याख्यानमालेत ऐकू येतो. तिथे तो कारखान्याच्या धुराड्यासारखा उंच आणि लांबचा वाटतो. प्रत्यक्षात ती दुकानाच्या फळीवर हाताला लागते आणि तिची ओळख पटवायला एक प्रश्न पुरतो: या वस्तूची किंमत कोणी छापली? वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापायची पद्धत १९९० नंतर रूढ झाली. हेतू चांगला होता, दुकानदाराने मनाला येईल ते घेऊ नये. पण त्यामुळे एक अधिकारही ठरून गेला. ज्याच्याकडे वेष्टन आहे तो किंमत छापतो. ज्याच्याकडे नुसता माल आहे तो दुसऱ्याने सांगितलेला भाव घेतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी हा सगळा पट्टा दुसऱ्या प्रकारच्या लोकांचा आहे आणि पहिल्या प्रकारच्या लोकांचा गिऱ्हाईक.

आता दुकानाच्या दारावर लोंबणाऱ्या शाम्पूच्या माळा पाहा. घरात मोठी बाटली घेणं काटकसरीचं, असं आपण शिकलो आहोत. तांदूळ, तेल, साखर यांच्या बाबतीत ते खरंही आहे. शाम्पूत मात्र उलटं निघतं. समजा, १ रुपयाच्या पुडीत साडेपाच मिलिलिटर आहे. म्हणजे मिलिलिटरला १८ पैसे. त्याच शाम्पूची १८० मिलिलिटरची बाटली दीडशे रुपयांना असेल, तर मिलिलिटरला ८३ पैसे पडले. तोच माल चौपटीहून महाग. कारण असं, की पुडीचं गिऱ्हाईक १ रुपया खिशात घेऊन येतं, तिथे दीड रुपया म्हटलं की ते शेजारची पुडी तोडून घेईल. बाटलीचं गिऱ्हाईक बाटलीशी बाटलीची तुलना करतं, पुडीशी नाही. एकाच मालाला दोन खिसे आणि दोन भाव. हिशेबी माणसाने बारा पुड्यांची माळ घ्यावी, पण टिळकवाडीच्या बंगल्यातल्या न्हाणीघरात ती माळ लटकवायला लाज वाटते, आणि त्या लाजेची किंमत बाटलीत धरलेली आहे. (तेवढ्या पुड्यांचं प्लास्टिक शेवटी गटारीत जातं, हा हिशेब मात्र कुणाच्याच छापील किमतीत नाही.)

ही तुलना सोपी व्हावी म्हणून कायद्यात एक चांगली गोष्ट आलेली आहे. पूर्वी काही वस्तू ठरावीक वजनांतच बांधाव्या लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ती सक्ती काढली आणि बदल्यात एककाचा भाव छापायला लावला. किलोच्या आत असेल तर ग्रॅमला किती, किलोच्या वर असेल तर किलोला किती. पुड्याच्या मागे, छापील किमतीच्या जवळच तो आकडा असतो. वाचायची रीत अशी: दोन पुडे हातात घ्या, मोठी किंमत, "२० टक्के जादा", हसरं बाळ हे सगळं सोडून तो एक आकडा ताडून बघा. १०० ग्रॅमचा आणि ८५ ग्रॅमचा साबण एकाच उंचीच्या खोक्यात कसे बसतात तेही कळेल. दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या बारक्या पुड्यांना या नियमांतून सूट आहे. म्हणजे जिथे आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलला असता, नेमकी ती १ रुपयाची पुडी गप्प.

आणि हे सगळं छापलेलं असतं कोणत्या भाषेत? कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असणं सक्तीचं आहे. खडे बाजारात, गणपत गल्लीत त्यावरून काय काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. पण पुड्याच्या मागचा मजकूर, म्हणजे वजन, किंमत, तारीख, हिंदीत किंवा इंग्रजीत असला की कायद्याला पुरतो. मराठी नको, कन्नडही नको. पाटीच्या भाषेसाठी भांडणारे दोघेही पुडा उलटा करून तारीख शोधताना सारखेच अडाणी ठरतात. या गोष्टीवर कुणी मोर्चा काढल्याचं अजून तरी ऐकलेलं नाही.

सीमाभागाचं गिऱ्हाईक कंपन्यांच्या नकाशात जरा अडचणीचं आहे. कंपनी देशाचे तुकडे राज्यांप्रमाणे पाडते. जीएसटी यायच्या आधी परराज्यातल्या विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून प्रत्येक राज्यात डेपो ठेवणं भागच होतं. तो कर २०१७ च्या जुलैत गेला, तरी विक्रीची रचना बरीचशी तशीच राहिली. बेळगावचा माल हुबळी-बेंगळुरूच्या बाजूने उतरतो, निपाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या कागलचा पुण्या-कोल्हापूरकडून. स्कीम वेगळ्या, टार्गेट वेगळं, साहेब वेगळे. येळ्ळूर किंवा उचगावच्या घरात संध्याकाळी मराठी मालिका लागते आणि तिच्या मधल्या वेळेत मराठी जाहिराती. पण मराठी वाहिन्यांच्या प्रेक्षकांची मोजणी प्रामुख्याने महाराष्ट्र-गोवा अशी बाजारपेठ धरून होते. म्हणजे सीमेवरचं घर ती जाहिरात पाहतं, तिला भुलतं, सकाळी दुकानात जाऊन वस्तू मागतं, आणि जाहिरातीचे पैसे मोजणाऱ्याच्या वहीत ते घर जवळपास नसतंच. भावनेच्या हिशेबात सीमाभाग सगळ्यांच्या तोंडी, बाजाराच्या हिशेबात फुकटातला प्रेक्षक.

त्यातून एक नेहमीचा घोळ होतो. काकू टीव्हीवर पाहिलेली "पावडरबरोबर बादली फुकट" मागतात. दुकानदार म्हणतो, "काकू, ती स्कीम तिकडची हो. आपल्याकडं आलेली नाही." काकूंना वाटतं बादली यानेच घरी नेली. दुकानदाराचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. क्वचित काकूंचंही.

महिनाअखेर ही या धंद्यातली सगळ्यात शिकण्यासारखी वेळ. कंपनीच्या दृष्टीने विक्री दोन असतात. कंपनीने स्टॉकिस्टला माल दिला ती पहिली, स्टॉकिस्टने दुकानांना दिला ती दुसरी. गिऱ्हाइकाने विकत घेतला ती तिसरी, पण साहेबाचं टार्गेट मुख्यतः पहिल्या दोहोंवर असतं. २५ तारखेनंतर एरिया मॅनेजरचा फोन येतो, आणखी दोन लाखांचं बिल घ्या, टार्गेटवरचा एक टक्का मिळवून देतो. स्टॉकिस्टच्या गोदामात आधीचाच माल पडून असतो. तो नाही म्हणू शकत नाही, कारण जुन्या स्कीमचे आणि परत गेलेल्या मालाचे त्याचे क्लेम कंपनीकडे अडकलेले असतात. मग तो काय करतो? आपल्या पाच टक्क्यांतले दोन-तीन सोडून माल रविवार पेठेत घाऊक व्यापाऱ्याला ओततो. घाऊक व्यापारी अर्धा-एक टक्का ठेवून पुढे फिरवतो. चंदगड महाराष्ट्रात असला तरी तिथल्या कित्येक गावांचा बाजार बेळगावच आहे. तिथला दुकानदार एसटीने किंवा स्वतःच्या जीपने येतो, चार-पाच हजारांचा माल रोखीने उचलतो आणि जातो.

त्या दुकानात पुढच्या आठवड्यात कोल्हापूरच्या बाजूचा सेल्समन जातो, तर फळीवर माल भरलेला, आणि तोही त्याच्या भावापेक्षा स्वस्त. तो पुड्यावरचा बॅच नंबर लिहून घेतो आणि वर तक्रार करतो, आमच्या लाईनीत बाहेरचा माल शिरला. कंपनी बॅच नंबरवरून माल कोणत्या डेपोतून निघाला ते शोधते आणि बेळगावच्या स्टॉकिस्टला नोटीस धाडते. ज्या साहेबाने २५ तारखेला फोन केला होता, तोच ३ तारखेला नोटीस घेऊन येतो. स्टॉकिस्टने चहा पाजायचा आणि पुढच्या महिन्याचं टार्गेट ऐकायचं. मुक्त बाजार म्हणतात त्याला आतून इतक्या सीमा असतात, आणि त्यातली एकही राज्यांच्या सीमा ठरवणाऱ्या आयोगाने आखलेली नाही.

थंड पेयाचा फ्रीज हाही असाच करार आहे. फ्रीज कंपनीचा, वीजबिल दुकानदाराचं, आणि अट ही की फ्रीजमध्ये माल आमचाच दिसला पाहिजे. नजरेच्या उंचीचा कप्पा नव्या किंवा जास्त नफ्याच्या मालाला, पाण्याची बाटली सगळ्यात खाली. निरीक्षक मोबाईलवर फ्रीजचा फोटो काढून पाठवतो. गावातल्या सोड्याच्या बाटलीने त्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला लपून राहायचं.

त्याच बाटलीत डोकावलं की ऊस दिसतो. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, हुक्केरी हे सगळे उसाचे तालुके. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर भाव १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. या उताऱ्याने टनाला १०२.५ किलो साखर निघते. आता २५० मिलिलिटरच्या गोड थंड पेयात साधारण २६ ग्रॅम साखर असते. किलोला ४५ रुपये भाव धरला तरी ती सव्वा रुपयाच्या आतली. बाटली २० ची. एका टन उसाची साखर सुमारे ३,९०० बाटल्यांना पुरते, म्हणजे छापील किमतीने ७८ हजार रुपयांच्या मालाला. या ७८ हजारांत ४० टक्के कर आहे, बाटली आहे, फ्रीज आहे, वाहतूक आहे, आणि तीन-चार महिने क्रिकेटच्या षटकांमध्ये चालणारी जाहिरात आहे. त्यामुळे "शेतकऱ्याला साडेतीन हजार आणि त्यांना ७८ हजार" अशी आरोळी ठोकणं बरोबर नाही. तरीही फरक उरतोच: ७८ हजारांतला प्रत्येक वाटेकरी आपला दर लावून बिल पाठवतो, एकटा ऊसवाला दर मागायला रस्त्यावर बसतो.

२०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर तेच झालं. तोडणी-वाहतूक सोडून टनाला ३,५०० ची मागणी होती, मिटलं ३,३०० वर. कारखानदारांचीही एक बाजू आहे. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ साली किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिली, ऊसदर मात्र दर हंगामाला वाढत गेला. म्हणजे कारखान्यालाही किंमत छापता येत नाही. साखर पोत्यात असते तोवर ती सगळ्यांची सारखी. पेपरमिंटच्या कागदात गेली की तिला नाव मिळतं.

निपाणीने हे चव्वेचाळीस वर्षं आधी पाहिलं होतं. १९८१ साली तंबाखू उत्पादक शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते. शेवट गोळीबारात झाला, माणसं गेली. तंबाखूचा व्यवहार समजून घेतला की तो राग कळतो. माल शेतातून उचलताना दर सांगायचा व्यापाऱ्याने, प्रत ठरवायची व्यापाऱ्याने, पैसे हप्त्यांनी द्यायचे व्यापाऱ्याने. पानाला वास आहे, रंग आहे, चिकटपणा आहे, पण मोजायला एकही सर्वमान्य माप नाही. जिथे प्रत ठरवण्याचं माप फक्त घेणाऱ्याच्या नाकात असतं, तिथे विकणाऱ्याने घासाघीस कशाच्या जोरावर करायची? त्याच तंबाखूची विडी झाली, बंडलाला कागद लागला, कागदावर चित्र आलं, की किंमत छापली गेली. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तिचा सोललेला अंगठा कोणत्याच चित्रात नाही.

विकताना भाव दुसऱ्याचा आणि घेतानाही दुसऱ्याचाच. खताच्या दुकानात जून-जुलैत उभं राहिलं की "लिंकिंग" हा शब्द ऐकू येतो. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीचं ५० किलोचं १,३५० ला, हे दर सरकारने बांधलेले. त्यात दुकानदाराला फारसं काही सुटत नाही. मग पाऊस पडल्यावर, सगळ्यांना एकदम खत हवं असतं त्या आठवड्यात, डीएपीच्या पोत्यामागे नॅनो युरियाची सव्वादोनशेची बाटली, सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी किंवा कसलंसं टॉनिक गळ्यात मारलं जातं. "मामा, नुसतं पोतं नाही मिळणार बघा." हे बेकायदेशीर आहे. दुकानदाराला विचाराल तर तो सांगतो की आमच्याही गळ्यात वरूनच मारलंय, आणि ते बऱ्याचदा खरं असतं. यावर करता येण्याजोगं एवढंच: पॉस मशिनची पावती आणि बाकीच्या मालाचं पक्कं बिल वेगळं मागायचं. बिलावर दोन्ही वस्तू एका तारखेला, एका नावावर आल्या की कृषी खात्याकडे तक्रारीला आधार मिळतो. कच्च्या चिठ्ठीवर काही होत नाही. आणि टॉनिक घेतलंच असेल, तर निम्म्या वाफ्याला मारून निम्मा तसाच ठेवावा. कंपनीचा माणूस प्रात्यक्षिक दाखवतो त्या प्लॉटवर पाणीही जास्त दिलेलं असतं आणि निगाही. शेजारी टॉनिक न मारलेला वाफा नसेल तर ते प्रात्यक्षिक नव्हे, जाहिरात.

पण जाहिरात म्हणजे नुसती ठकबाजी, असं म्हणून मोकळं व्हायला बेळगावकराला तरी जमत नाही. कारण किर्लोस्कर रोड. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर घ्यायला कुणी तयार नाही. लोखंडाने जमीन नासते, असा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. वस्तू चांगली असली की आपोआप खपते, हे त्या नांगराने तेव्हाच खोटं पाडलं. १९१० साली नगरपालिकेने ठळकवाडीतली जागा सोडायला लावल्यावर कारखाना कुंडलच्या माळावर गेला, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर घेणाऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायचं कारखान्याचं पत्रक, त्याचं पुढे मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं. आजचे मार्केटिंगवाले ज्याला नवं तंत्र म्हणून शिकवतात, ते आपल्या पणजोबांनी वर्गणी भरून वाचलं आहे. त्यात फरक इतकाच की नांगर घेणाऱ्याला नांगर वापरता यायला हवा, ही विकणाऱ्याची स्वतःचीच गरज होती. शाम्पूच्या बाबतीत तशी गरज उरत नाही. बुडबुडे आले की काम झालं.

नावाची किंमत किती असते, ते अथणीच्या चपलेने दाखवलं. कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या चपलांचा मोठा भाग बेळगाव जिल्ह्यात बनतो. २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन राज्यांनी कशावर तरी एकत्र सही केली, ती चपलेवर. कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत पिकवायचं, तळ, टाच, पट्टा, कान, वेणी हाताने घालायची, शिवण कातड्याच्याच वादीची, खिळा नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तसलीच चपल दाखवली आणि ती कुठली हे सांगायचं राहून गेलं. गदारोळ झाल्यावर उगम मान्य केला. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २,००० जोड इथेच बनवून घ्यायचे ठरले, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ८० हजारांच्या वर. अथणीच्या दुकानात चांगला जोड हजार-दीड हजारात मिळतो. कातडं तेच, हात त्याच घराण्यातले. वरचे ७८ हजार कशाचे, याचं उत्तर शोधताना आपण प्राडावर हसतो, पण टाचेला प्लास्टिकची पट्टी मारलेला यंत्रातला जोड कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर "अस्सल कोल्हापुरी" म्हणून घासाघीस करून घेणारेही आपणच. मानांकनाने नाव राखलं, किंमत छापायचा हात मात्र दिला नाही. अस्सल कातडं ओळखायची एक खूण: नव्या जोडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो हळूहळू जिरतो, मोती होऊन घरंगळत नाही.

दसरा-दिवाळीत गणपत गल्ली ते मारुती गल्ली पाय ठेवायला जागा नसते. तेव्हाचे दोन सापळे जरा सविस्तर सांगण्यासारखे आहेत, कारण दोन्हींत "फुकट" हा शब्द आहे. पहिला बिनव्याजी हप्ता. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना हरकत घेतली होती, कारण व्याज दुसऱ्या नावाने वसूल होतंच. म्हणून आता "नो कॉस्ट" म्हणतात. २४ हजारांचा मोबाईल, क्रेडिट कार्डावर बारा हप्ते, महिना २,०००. वर्षाला १५ टक्के व्याज धरलं तर बँक प्रत्यक्षात सुमारे २२,१५९ रुपयांचं कर्ज देते आणि १,८४१ व्याज घेते. तेवढी सूट किमतीत आधीच दाखवलेली असते, म्हणून बेरीज २४ हजारच दिसते. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ३३१ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरचा कर मिळून २३५. झाले ५६६. शिवाय रोखीने घेणाऱ्याला दुकानदार हजार-पंधराशे सोडतो, ते हप्तेवाल्याला मिळत नाहीत. एक हप्ता चुकला की मग १५ टक्के नाही, कार्डाचा नेहमीचा दर. विचारायचा प्रश्न एकच: "रोख दिले तर किती?" उत्तरात जो फरक येईल तेच व्याज.

दुसरी सोन्याची भिशी. अकरा महिने पाच-पाच हजार भरा, बारावा हप्ता आमचा. अकराच का? ग्राहकाकडून मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात फेडली नाही तर ती कंपनी कायद्यात ठेव ठरते आणि ठेवीचे सगळे नियम लागू होतात. म्हणून वर्षाच्या आत गुंडाळायचं. ५५ हजारांवर ५ हजार, म्हणजे ९ टक्के, तेही सरासरी सहा महिन्यांच्या पैशांवर. कोणतीही बँक एवढं देत नाही. मग सराफाला ते कसं परवडतं? दागिना घ्यायला तिथेच यावं लागतं आणि घडणावळ १२ ते २० टक्के तोच ठरवतो. तेव्हा वहिनींनी बाराव्या महिन्यात दागिना पसंत करण्याआधी घडणावळ किती टक्के ते विचारावं, नंतर नाही. पावतीत सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्यावेत. खडा सोन्याच्या वजनात मोजला तर नऊ टक्के तिथेच फिटतात. हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ॲपमध्ये टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. ॲपमध्ये "अंगठी" आणि हातात डूल, असं निघालं तर दुकानातून बाहेर पडू नये.

जाता जाता कुंद्याविषयी. मिठाईवाला खोक्यासकट वजन करतो का बघावं. खोकं ४०-५० ग्रॅमचं असतं आणि कुंद्याच्या भावाने पुठ्ठा घेणं कुणालाच परवडत नाही. काट्यावर आधी रिकामं खोकं ठेवून शून्य करायला सांगितलं तर शहापूरचा जुना मिठाईवाला रागावत नाही. नव्या काचेच्या दुकानातला पोरगा जरा बघत राहतो.

५५ पैसे परत द्यायचा प्रश्न खरं तर केव्हाच सुटला आहे. सुट्ट्यांच्या नावाखाली हातावर ठेवलेली पेपरमिंटची गोळी गेली. गावच्या टपरीवरही क्यूआर आहे आणि त्यात ४ रुपये ४५ पैसे टाकता येतात, यंत्राला त्याचं काही वाटत नाही. तरी पुड्यावर ५ च आहे. पोर मोबाईल पुढे करतं, काउंटरवरची पेटी कन्नडात "ऐदु रूपायि" म्हणून ओरडते, दुकानदार मान न वळवता मराठीत म्हणतो, "आले बघ. घे जा."